रेक्झीनखालची गाडी

गाडी आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. 2022 च्या पावसाळ्यात. अंबाजोगाई ते बीड हे 90-एक किलोमीटरचं अंतर ती स्वतःच्या चाकांवर येईल, एवढा जीव तिच्यात उरला नव्हता. केज सोडलं, नेकनूर सोडलं, मांजरसुंब्याचा घाट उतरला आणि संध्याकाळच्या अजानच्या सुमारास ट्रॉली आमच्या दुकानासमोर थांबली. ताडपत्री काढली, आणि आम्ही तिघे भाऊ एकदमच म्हणालो, "अरे, ही तर वकीलसाहेबांची!"

अम्बॅसडर मार्क टू, 1968 ची. गाडीचा रंग उडाला होता, एका दाराची काच नव्हती, पण ओळखायला आम्हाला बाहेरचा पत्रा लागतच नाही. आम्ही दार उघडून आत पाहतो. पुढच्या सलग बाकावर तपकिरी रेक्झीन, कडेला पांढरी पायपिंग, आणि पायपिंगच्या शेवटच्या वळणावर दोन उलटे टाके. ते टाके आमच्या अब्बांचे. दुसरं कुणी तसे घालत नसे.

आमचा धंदा कुशनचा. जुने लोक आम्हाला 'हूडवाले' म्हणत, कारण आजोबा टांग्यांची हूडं शिवायचे. अब्बा पोरवयात औरंगाबादला (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) एका उस्तादांच्या हाताखाली गेले आणि टांग्यावरून मोटारीवर आले. उस्तादांकडे तेव्हा निजामी जमान्यातल्या अंमलदारांच्या उतरत्या वयाच्या गाड्या यायच्या. शेवरले असे, डॉज असे, एखादी प्लायमाउथ. या अमेरिकन गाड्या इकडे थेट बोटीतूनच यायच्या असं पुष्कळांना वाटतं, पण त्यातल्या कितीतरी मुंबईतच जुळवलेल्या असत. शेवरलेची जुळणी शिवडीला 1928 पासून सुरू झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने 1947 मध्ये कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ जुळवायला घेतल्या. अब्बा सांगायचे, त्या गाड्यांची सीट उसवायला बसलं की अर्धा दिवस जायचा. कुठे कापूस, कुठे काथ्या, कुठे घोड्याचे केस. उस्ताद प्रत्येक थर वेगळ्या गोणपाटावर मांडायचे आणि म्हणायचे, जसं निघालं तसंच परत गेलं पाहिजे.

बीडला येऊन अब्बांनी बार्शी नाक्याच्या बाजूला दुकान टाकलं तेव्हा तसल्या गाड्या संपत आल्या होत्या. आता होती ती अम्बॅसडर आणि फियाट. बाहेरून या दोन गाड्या वर्षानुवर्षं तशाच राहिल्या असं लोक हसून म्हणतात. बाहेरून ते बरंचसं खरंही आहे. आतून मात्र नाही. अम्बॅसडर 1957 च्या सुमारास निघाली, 1962 ला मार्क टू आली, 1975 ला मार्क थ्री, 1979 ला मार्क फोर, 1990 ला नोव्हा. दर वेळी आत काहीतरी बदललेलं असायचं. दारावरच्या पॅडची शिवण कधी उभ्या नळ्यांची, कधी आडवी. छताचं कापड कधी विणलेलं, कधी बारीक छिद्रांचं रेक्झीन. कित्येक वर्षं मीटर डॅशबोर्डाच्या मध्यभागी होते. ते चालकासमोर आले, आणि गिअर स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर उतरला, तो इसुझु इंजिनाची 1800 निघाली तेव्हा, नव्वदच्या दशकात. तिच्यात पुढे सलग बाकाऐवजी दोन सुट्या सीटही मिळू लागल्या. आमच्या दृष्टीने ही क्रांती होती. सलग बाकाला साडेतीन माणसं बसायची, आता मध्ये दरी पडली. बीड जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकांनी ती दरीही आमच्याकडून उशी शिवून भरून घेतली, ही गोष्ट वेगळी.

फियाटचंही तसंच. 1964 नंतरची डिलाइट, मग 1972 ची प्रेसिडेंट, मग 1974 पासूनची पद्मिनी. आधीच्या गोलमटोल गाडीला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. आमच्या घरात तो शब्द उच्चारायचा नाही असा अम्मीचा नियम होता, म्हणून आम्ही तिला 'बडे मियाँ की फियाट' म्हणायचो.

पण खरं सांगायचं तर त्या काळी कंपनीच्या मूळ सीटचं कौतुक कुणालाच नव्हतं. आज ज्याला 'ओरिजनल' म्हणून भाव येतो, ते तेव्हा गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी झाकायची वस्तू होती. गाडी मुंबईहून, पुण्याहून यायची आणि नारळ फुटला की थेट आमच्या दारात. डॉक्टरांना टिकाऊ पाहिजे, गडद रंगाचं, धुता येणारं. गुत्तेदाराला मखमल पाहिजे, लाल. पुढाऱ्याला पांढरं टर्किशचं कव्हर आणि मागच्या काचेला जाळीचा पडदा. लग्नाच्या भाड्यासाठी गाडी ठेवणाऱ्यांना झालर पाहिजे, तीही सोनेरी. एका गिऱ्हाइकाने तर कंपनीचं प्लॅस्टिक न काढता त्यावर कव्हर आणि कव्हरावर पुन्हा प्लॅस्टिक घालून घेतलं होतं. उन्हाळ्यात त्या गाडीत बसणं म्हणजे हरीस शिजवायच्या देगीत बसणं.

पुढे काळ्या-पिवळ्या जीपा आल्या. बीड शहराला रेल्वे आली ती 2025 च्या सप्टेंबरात, अहिल्यानगरची. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या जिल्ह्याचा सगळा भार एसटीवर आणि या जीपांवर. गेवराई, माजलगाव, पाटोदा, आष्टी. नऊ जणांच्या जागेत सतरा बसायचे आणि महिन्याला सीट फाटायची. आमच्या घरातली तीन लग्नं त्या फाटक्या सीटांनी केली आहेत. ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादमांच्या जीपा रांगेने उभ्या असत, आणि आम्ही शाळेतून आलो की दप्तर फेकून दाभण हातात घ्यायचो.

अब्बांचा एक कायदा होता. गिऱ्हाइकाला पाहिजे ते कापड वर चढवायचं, पण कंपनीचं मूळ कापड शक्यतो उसवायचं नाही. सडलं असेल, उंदरांनी खाल्लं असेल तर इलाज नाही. नाहीतर नवीन जुन्यावरच ओढून चुका मारायच्या. आम्हाला हे पटत नसे. जुनं काढून टाकलं तर काम सोपं, सुरकुती पडत नाही. एकदा आमच्यातल्या मधल्याने एका फियाटचं मूळ कापड रापीने सरळ फाडून काढलं. अब्बांनी मारलं नाही. त्या दिवशी दुपारचं जेवण मात्र त्यांनी केलं नाही. रात्री म्हणाले, "ऊपर का कपडा मालिक का. नीचे का गाडी का. उसकू हाथ नक्को लगाव, अमानत है." सीटच्या फटीत सापडणाऱ्या वस्तूंबाबतही हाच न्याय. चार आणे, केसाची पिन, नाकातली चमकी, तसबीहचा मणी, देवीचा अंगारा बांधलेली पुडी. सगळं एका डब्यात टाकून गाडीबरोबर परत जायचं.

अब्बा 2006 ला गेले. दुकान आहे, पण आता तयार कव्हरं येतात, गठ्ठ्यांनी, मापाची. आम्ही ती ओढून बसवतो. बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो, तासाभरात काम खलास. अम्बॅसडर 2014 च्या मे महिन्यात उत्तरपाड्याला बंद पडली आणि 2017 ला तिचं नुसतं नाव 80 कोटींना एका फ्रेंच कंपनीने घेतलं. नावाला 80 कोटी! आम्ही चाळीस वर्षं तिच्या पोटात हात घातलेला. आम्हाला पोटाची किंमत माहीत, नावाची नव्हती.

तर वकीलसाहेबांची गाडी. वकीलसाहेब वारले, मुलं परदेशी, आणि काकूंनी गाडी पुण्याच्या एका हौशी गृहस्थांना विकली. या गृहस्थांना कुणीतरी सांगितलं होतं की बीडला हूडवाल्यांची पोरं अजून हाताने शिवतात. ते स्वतः दोन दिवसांनी आले. माणूस चांगला. हिंदीत बोलायला लागले, "चाचा, इसका इंटीरियर ओरिजनल चाहिए." आम्ही मराठीत विचारलं, "साहेब, ओरिजनल म्हणजे कोणत्या सालापर्यंतचं?" ते पुन्हा हिंदीत. आम्ही पुन्हा मराठीत. अर्धा तास असाच गेला. आमच्यातला धाकटा कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालेला; तो शेवटी म्हणाला, "साहेब, आम्हाला तुमच्याइतकंच मराठी येतं, हिंदी मात्र तुमच्याहून कच्चं आहे." ते हसले, ओशाळले, आणि मग मराठीत बोलले. अशा वेळी आम्हाला राग येत नाही असं नाही. पण दुकानावर आलेल्या माणसाशी किती वेळा भांडायचं?

गाडी उसवायला घेतली. पाच थर निघाले. सगळ्यात वर दुसऱ्याच कुणाचं राखाडी कापडाचं कव्हर, हातभर फाटलेलं. त्याच्या चिंधीतूनच आम्हाला पहिल्या दिवशी तपकिरी दिसलं होतं. खाली अब्बांचं ते तपकिरी रेक्झीन, 1981 चं. साल आठवतं कारण त्याच वर्षी आमच्या बहिणीचा निकाह झाला आणि वकीलसाहेबांनी आगाऊ पैसे दिले होते. त्याखाली हिरवट मेणकापड, त्याखाली सुती खादीचं कव्हर. आणि सगळ्यात तळाशी, काथ्याला चिकटून, कंपनीचं निळसर राखाडी रेक्झीन. बैठकीवरचं पार कुजलं होतं. पण मागच्या सीटच्या पाठीचा वरचा पट्टा, जिथे ऊन पोचलं नाही आणि पाठ टेकली नाही, तो जसाच्या तसा. वीतभर रुंद, सव्वा-दीड हात लांब. त्यावर बोट फिरवलं तर दाणा लागत होता. आम्ही तो दाणा लहानपणी पाहिलेला. मोठेपणी पहिल्यांदाच.

गृहस्थांचं म्हणणं असं, की याच रंगाचं, याच दाण्याचं रेक्झीन शोधून सगळी गाडी आतून तशी करायची. कामाचे 60 हजार. आणि एका कागदावर आम्ही लिहून द्यायचं, की गाडीचं आतलं काम कंपनीचं मूळ आहे, आम्ही फक्त साफसफाई केली. त्या कागदाचे वेगळे 25 हजार. "तुमच्या वडिलांनी ही गाडी पहिल्यापासून सांभाळली, तुमच्या शब्दाला किंमत आहे," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. किंमत होतीच, आकडाच सांगितला होता त्यांनी.

त्या रात्री आमच्यात भांडण झालं. थोरल्याच्या मुलीचं फार्मसीचं ॲडमिशन अडलेलं. तो म्हणाला, रेक्झीनच तर आहे, कुणाचा हक्क मारतोय आपण? विकणारा श्रीमंत, घेणारा त्याहून श्रीमंत. मधला गप्प. धाकटा म्हणाला, शारजाला फोन लाव.

शारजाला आमचा भाचा आहे. तोही कुशनचंच काम करतो. तिथल्या कारखान्यांतून जुन्या अमेरिकन गाड्या नव्या करतात. त्याने फोनवर जे सांगितलं ते ऐकून आम्ही तिघेही भांडण विसरलो. म्हणाला, मामू, माझ्याकडे सध्या 1966 ची मस्टँग आहे. फोर्डची ही गाडी 1964 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जत्रेत पहिल्यांदा दाखवली होती. तिच्या आत काय काय प्रकार! साधं रेक्झीन वेगळं, पुढे सलग बाक पाहिजे तर तो वेगळा, आणि जादा पैसे भरले तर सीटच्या पाठीवर धावणारे घोडे उठवलेलं काम, डॅशबोर्डला लाकडाचा भास, दाराचे हातेसुद्धा निराळे. आणि कोणत्या गाडीत काय होतं हे चालकाच्या दारावरच्या छोट्या पाटीवर आकड्यांत ठोकलेलं. 26 म्हणजे साधं काळं. 66 म्हणजे घोड्यांचं काळं. घोड्यांची नवी कव्हरं आता तयार विकत मिळतात. त्याच्या गाडीच्या दारावर 26 होतं आणि मालकाला घोडे पाहिजे होते.

"मग?"

"मग घोडे लावले, मामू. पण पाटी तशीच आहे. घेणारा आधी दार उघडून पाटी वाचतो, मग सीटवर बसतो."

त्याने आणखी एक सांगितलं. पॉन्टिॲक जीटीओ नावाची गाडी 1964 ला निघाली तेव्हा ती वेगळी गाडीच नव्हती; टेम्पेस्ट लेमान्स नावाच्या गाडीवर जादा पैशांत मिळणारा संच होता. आता लोक साध्या लेमान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकतात, आणि पहिल्या दोन वर्षांच्या गाडीत चासी नंबरावरूनही फरक कळत नाही. मग जुने कागद धुंडाळायचे. तिकडे या कामासाठी जाडजाड पुस्तकं आहेत, कोणत्या सालच्या कोणत्या सीटला किती नळ्या, कोणता दाणा, एवढ्यापुरती. आम्हाला नवल वाटलं. हे सगळं तर अब्बांना तोंडपाठ होतं आणि त्यांनी एक ओळ कुठे लिहून ठेवली नाही. आतल्या कापडाचा नंबर सांगणारी पाटी आम्ही आजवर एकाही अम्बॅसडरवर पाहिलेली नाही.

फोन ठेवल्यावर थोरला बराच वेळ बसून होता. मग म्हणाला, "तिकडे पाटी बोलती. इकडे कोण बोलनार?" आणि उठून झोपायला गेला. त्याने 'नको' म्हटलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

काम घेतलं. रेक्झीनसाठी हैदराबाद पाहिलं, मुंबईत कुर्ल्याच्या गल्ल्या पाहिल्या. रंग मिळाला, दाणा मिळाला नाही. जवळपासचा मिळाला, जो दिव्याखाली फसवतो आणि उन्हात उघडा पडतो. काथ्या नवा भरला, स्प्रिंगा बऱ्याचशा जुन्याच होत्या, त्या घासून रंगवल्या. नळ्यांची शिवण तळाच्या कुजक्या कापडावरच्या छिद्रांवरून मोजून घेतली. मागचा तो वीतभर पट्टा काढला नाही. त्याच्या कडेला नवं रेक्झीन आणून भिडवलं. सांधा दिसतो. लपवता आला असता, त्यावर पायपिंग घातली की झालं. घातली नाही.

एक महिना दहा दिवस लागले. इतकं लांबलेलं काम आम्ही अब्बांच्या नंतर केलेलं नव्हतं. मधला तर शुक्रवारीही दुपारच्या नमाजनंतर दुकान उघडून बसायचा, जे आमच्याकडे कधी झालं नाही.

गृहस्थ आले, आत बसले, डोळे मिटले. फार खूश झाले. मग बिल हातात घेतलं. थोरल्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: मागील सीटच्या पाठीचा वरचा पट्टा कंपनीचा मूळ, 1968. स्प्रिंगा बहुतेक मूळ. बाकी रेक्झीन, काथ्या, दारांचे पॅड, छताचं कापड नवीन, बीड, 2022. एकूण रुपये 60 हजार. खाली सही. 25 हजारांचा उल्लेख नव्हता.

ते वाचून त्यांनी एकदा सांध्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे असं लिहिल्यावर विकताना मला त्रास होईल." थोरला म्हणाला, "साहेब, विकायचीच असली तर बिल फाडा. आमच्याकडे नक्कल राहते." हे वाक्य थोडं उद्धट झालं असं आम्हाला नंतर वाटलं. त्यांनी पैसे दिले, बिल घडी करून खिशात ठेवलं, गाडी नेली. ते बिल पुढे फाडलं की ठेवलं, आम्ही विचारायला गेलो नाही. फार्मसीची फी बहिणीच्या बांगड्यांवर भरली. त्या अजून सुटायच्या आहेत.

उसवलेले थर पोत्यात भरून ठेवले होते. नंतर एकदा अंबाजोगाईहून काकूंचा निरोप आला, की गाडी गेली तर गेली, पण तिच्यातलं काही उरलं असेल तर द्या. थोरला आणि धाकटा पोतं घेऊन गेले. दासोपंतांची पासोडी त्याच गावात आहे, 40-एक फूट लांब कापड, त्यावर शाईने लिहिलेला ग्रंथ. अब्बांनी ती एकदा वकीलसाहेबांच्या ओळखीने पाहिली होती आणि घरी येऊन सांगितलं होतं, की कपडा टिकतो, ठेवणारा पाहिजे.

काकूंनी पोतं ओसरीवर उलटं केलं. खादी बाजूला सारली, हिरवं मेणकापड बाजूला सारलं. तपकिरी रेक्झीन उचललं. पुढच्या बाकाच्या डाव्या टोकाला विडीचं जळकं भोक होतं. "हे त्यांचं," त्या म्हणाल्या. "मी किती ओरडले होते. तुमच्या अब्बांना म्हटलं, ठिगळ लावा. ते म्हणाले, वहिनी, राहू द्या, पुन्हा पाडतील." मग विचारलं, "याची झोपाळ्यावरची गादी होईल का रे?"

होईल म्हटलं. बीडला आणून माप घेतलं, कापूस भरला. रेक्झीन जुनं झालं की छिद्रावरून पुन्हा शिवण घालता येत नाही, कागदासारखं फाटत जातं. म्हणून अब्बांच्या शिवणीपासून अर्धा इंच आत घेऊन मशीन मारली. भोक मध्यावर येऊ द्यायचं नव्हतं, ते कडेला घेतलं. चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गेल्यामुळे गादी झोपाळ्याला जराशी अपुरी पडते. काकू म्हणाल्या, चालेल.